वशिला नको, ओळख हवी!

थर्ड इयरला आलं की कॉलेजच्या कट्ट्यावर दोन वाक्यं हमखास ऐकू यायला लागतात. पहिलं : ‘त्याचं काय बाबा, त्याचे काका कंपनीत आहेत.’ दुसरं : ‘आपण आपला अभ्यास करावा, बाकी नशीब.’ पहिल्या वाक्यात राग आहे, दुसऱ्यात हताशपणा. आणि गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं बोलणारी व्यक्ती बहुतेक वेळा एकच असते!

मग एखाद्या सेमिनारला बाहेरचे पाहुणे येतात आणि ‘पर्सनल ब्रँड तयार करा’, ‘प्रोफेशनल नेटवर्क वाढवा’ असं सांगून जातात. टाळ्या वाजतात, चहा-समोसा होतो आणि आपल्यातले निम्मे लोक मनात म्हणतात, ‘म्हणजे स्वतःची टिमकी वाजवायची आणि मोठ्या लोकांच्या मागे मागे फिरायचं. हे आपल्याला नाही जमायचं.’

मला वाटतं, हे दोन शब्द आपल्यापर्यंत चुकीचा अर्थ घेऊन आले आहेत. मराठीत या दोन्हींसाठी मिळून एकच साधा शब्द आहे, ‘ओळख’. ‘तुझी ओळख करून दे’ म्हटलं की आपण कोण, काय करतो ते सांगतो. हा झाला ब्रँड. ‘तुझी तिथे कोणाशी ओळख आहे का?’ हा झाला नेटवर्क. पहिली ओळख असेल तरच दुसरी टिकते, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

ब्रँड प्रत्येकाचा असतोच

‘ब्रँड’ या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ आहे तापलेल्या लोखंडाने गुरांच्या अंगावर उमटवलेली मालकाची खूण. पुढे तो मालावरच्या छापाला लागला. माणसाला तो लावला तो टॉम पीटर्स यांनी. १९९७ मध्ये ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकन मासिकात त्यांनी ‘द ब्रँड कॉल्ड यू’ हा लेख लिहिला आणि तिथून ही कल्पना जगभर पसरली. पीटर्स यांचं मूळ शिक्षण कॉर्नेल विद्यापीठातलं सिव्हिल इंजिनिअरिंगचं, म्हणजे ते आपल्याच बिरादरीतले! त्यांचा मुद्दा साधा होता. नुसतं कंपनीचं आणि हुद्द्याचं नाव सांगून भागत नाही, तुम्ही स्वतः कोणतं काम इतरांपेक्षा चांगलं करता हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

आता आपल्याच वर्गाकडे बघा. ‘सर्किट चालत नसेल तर तिच्याकडे घेऊन जा.’ ‘ड्रॉइंग अडलंय? मग त्यालाच विचार.’ ‘त्याला ग्रुपमध्ये घेऊ नकोस, व्हायवाच्या दिवशीच उगवतो.’ हे सगळे ब्रँडच आहेत. त्यासाठी कोणी वेबसाइट काढली नाही की फोटो काढून घेतले नाहीत. तीन वर्षांच्या वागण्यातून ते आपोआप तयार झाले. म्हणजे ब्रँड बनवायचा की नाही हा प्रश्नच नाही. तो बनतोच आहे. वर्गाबाहेरच्या माणसाला तो दिसतो का, हा खरा प्रश्न आहे.

नांगर आणि नाव

याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजचं व्हीजेटीआय) ते शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे आधी सायकलींचं दुकान आणि मग शेतीची अवजारं. त्यांच्या लोखंडी नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईकच मिळेना, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. वस्तू चांगली होती, पण तिची ओळख नव्हती. ती व्हायला वेळ लागला, शेतकऱ्यांना नांगर चालवून बघावा लागला.

पुढे बेळगावची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा मदतीला आले औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कोणी म्हणेल, ‘बघा, राजाची ओळख होती म्हणून झालं.’ होती ना! पण राजाने जागा दिली ती कारखाना काढून दाखवलेल्या माणसाला. नुसत्या ओळखीवर माळ मिळाला असता, कारखाना नाही.

आणखी एक गोष्ट. १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघालं, शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली. सुरुवात कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांना देण्यासाठी झाली. पुढे तेच ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतलं एक मोठं मासिक झालं. आपण करतो ते लोकांना नियमितपणे, त्यांच्या उपयोगाच्या भाषेत सांगणं, यालाच आज सेमिनारवाले ‘ब्रँडिंग’ म्हणतात!

जवळचे मित्र कमी पडतात, ते का?

आता ओळखीचा दुसरा अर्थ. इथे एक संशोधन फार मजेदार आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर हा समाजशास्त्रज्ञ हार्वर्डला पीएच.डी. करत होता. बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या, नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या लोकांना त्याने विचारलं की नोकरी कशी मिळाली. ज्यांना ती ओळखीतून मिळाली होती त्यांना पुढचा प्रश्न होता : त्या माणसाला तुम्ही त्या काळात कितीदा भेटत होता? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणाऱ्यांकडून नोकरी कळलेले निघाले जेमतेम १६.७ टक्के. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळलेले ५५.६ टक्के. आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्यांकडून कळलेले २७.८ टक्के! हा नमुना लहान होता, पन्नासेक लोकांचा. पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. त्याचा लेख १९६९ मध्ये एका मोठ्या संशोधन-पत्रिकेने परत पाठवला होता. १९७३ मध्ये तो दुसरीकडे छापून आला आणि आज समाजशास्त्रातल्या गाजलेल्या लेखांमध्ये त्याची गणना होते. (पेपर रिजेक्ट झालेल्यांनी लक्षात ठेवावं!)

त्याचं म्हणणं असं. तुम्ही आणि तुमचे चार जिवलग मित्र एकाच मेसमध्ये जेवता, एकाच ग्रुपवर असता, एकाच नोटिस बोर्डासमोर उभे राहता. म्हणजे जे एकाला माहीत ते पाचांनाही माहीत. पाच वायर एकाच सोर्सला जोडल्यासारखं. नवी बातमी येते ती वेगळ्या वर्तुळातल्या माणसाकडून : दोन वर्षं पुढे असलेली सीनियर, इंडस्ट्रियल व्हिजिटला भेटलेले सुपरवायझर, बाबांच्या ऑफिसातल्या काकूंचा मुलगा. ही नाती घट्ट नसतात, पण ती दोन वर्तुळांमधले पूल असतात. ग्राफ थिअरीत ज्या कडेला आपण ‘ब्रिज’ म्हणतो ना, नेमकं तेच. ती एक कड काढली की ग्राफचे दोन तुकडे!

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याची फार मोठ्या प्रमाणावर तपासणी छापून आली. लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांचा ५ वर्षांचा अभ्यास होता तो. निष्कर्ष ग्रॅनोव्हेटरच्या बाजूने, पण दोन सुधारणांसह. एक, ओळख अगदीच पुसट असली तरी उपयोग कमी होतो, मध्यम पुसट ओळख सगळ्यात कामाची. दोन, ज्या उद्योगांत डिजिटल काम जास्त तिथे अशा सैल ओळखी जास्त उपयोगी, तर कमी डिजिटल उद्योगांत जवळच्या ओळखी जास्त उपयोगी. म्हणून कॉम्प्युटरवाल्यांनी दिलेला सल्ला मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी जसाच्या तसा घेऊ नये. साइटवर किंवा शॉप फ्लोअरवर दोन महिने एकत्र घाम गाळलेल्या माणसाचा शब्द तिथे बहुधा जास्त चालेल.

वशिला आणि ओळख यांत फरक काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण आपला सगळा राग तिथेच आहे. बऱ्याच कंपन्यांत आतल्या माणसाने नाव सुचवायची अधिकृत पद्धत असते, तिला ‘रेफरल’ म्हणतात. मग हा वशिलाच झाला का?

माझं उत्तर असं : वशिल्यात परीक्षाच टळते, ओळखीत परीक्षेपर्यंत पोचता येतं. वशिल्यात ‘हा आमचा’ एवढंच सांगतात. ओळखीत ‘हिने हे काम केलंय, मी बघितलंय’ असं सांगतात. नाव सुचवणारा स्वतःचं नाव पणाला लावत असतो. उद्या तुम्ही कामात ढिले निघालात तर त्याच्या पुढच्या शिफारशीला कोणी विचारणार नाही. म्हणूनच शहाणा माणूस तुमचं काम बघितल्याशिवाय नाव पुढे करत नाही, आणि करूही नये.

मग करायचं काय?

एक : कामाची नोंद ठेवा. चार जणांच्या प्रोजेक्टमध्ये काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोघं काम करतात आणि दोघं स्पायरल बाइंडिंग करून आणतात! म्हणून प्रत्येक प्रोजेक्टचं एक पान लिहून ठेवा : अडचण काय होती, त्यातला माझा भाग कोणता, मोजमापं काय आली, काय फसलं. फसलेलं लिहिलंत तर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. कोड असेल तर गिटहबवर टाका, मॉडेल असेल तर फोटो आणि ड्रॉइंग ठेवा.

दोन : फुगवू नका. बायोडेटात ‘सी प्लस प्लस एक्सपर्ट’ लिहिलं आणि समोरच्याने व्हर्च्युअल फंक्शन विचारलं की पुढचा अर्धा तास फार मोठा होतो. ‘एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे, त्यात हे हे वापरलं’ हे वाक्य कमी चमकदार असलं तरी उभं राहतं.

तीन : मागताना नेमकं मागा. ‘सर, कृपया मला जॉब द्या’ या मेसेजला कोण काय उत्तर देणार? त्याऐवजी असं लिहून बघा : ‘नमस्कार मॅडम, मी तुमच्याच कॉलेजची, मेकॅनिकल थर्ड इयर. आम्ही छोट्या पंपाचं व्हायब्रेशन मोजतो आहोत. तुम्ही याच क्षेत्रात आहात म्हणून एकच विचारायचं होतं : सेन्सर बेअरिंगच्या किती जवळ लावावा?’ अशा प्रश्नाला उत्तर देणं सोपं असतं, आणि त्यात तुमचं कामही दिसतं. नोकरीचा विषय पहिल्याच मेसेजमध्ये कशाला?

चार : पुढे काय झालं ते कळवा. ‘तुम्ही सांगितलं तसं केलं, रीडिंग स्थिर आलं, धन्यवाद.’ दोन ओळी. बहुतेक लोक उत्तर मिळालं की गायब होतात, म्हणून कळवणारा लक्षात राहतो.

पाच : जिथे अनोळखी लोकांसोबत काम करावं लागतं तिथे जा. बाहा एसएई इंडियासारखी स्पर्धा (२००७ पासून सुरू), स्मार्ट इंडिया हॅकेथॉन (२०१७ पासून सुरू), आयईईईची विद्यार्थी शाखा, नाहीतर गावातल्या एखाद्या वर्कशॉपमधली सुट्टीतली उमेदवारी. सर्टिफिकेटपेक्षा तिथे रात्री दोन वाजता वेल्डिंग करताना शेजारी कोण होतं ते पुढे जास्त उपयोगी पडतं.

ज्यांच्याकडे पूल नाहीत त्यांचं काय?

आता मला खुपणारी गोष्ट. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे परक्या माणसाला इंग्रजीत मेल लिहायला मला धडधड होत नाही. आमच्याच वर्गात तालुक्याच्या गावाहून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली मुलं-मुली आहेत, ज्यांचा लेथवरचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. पण पाहुणे येतात तेव्हा पुढे होऊन बोलतो आम्हीच. म्हणजे त्यांचं काम पक्कं, पण ओळख माझी! ग्रॅनोव्हेटरचं गणित इथे उलटं लागतं. ज्याच्या घरात, गावात कोणी इंजिनिअर नाही त्याच्याकडे पूलच नाहीत. त्याला नुसतं ‘नेटवर्किंग कर’ म्हणणं म्हणजे नदीच्या पलीकडून हाक मारणं झालं.

मात्र ओळख ही पैशासारखी नाही, दुसऱ्याला दिली म्हणून आपली कमी होत नाही. ती पुढे पोचवायला मात्र लागते. स्टॅन्ली मिलग्रॅम आणि जेफ्री ट्रॅव्हर्स यांचा ओळखीच्या साखळ्यांचा प्रयोग १९६९ मध्ये छापून आला. त्यात लोकांना एक पाकीट ओळखीच्या माणसांमार्फत, हातोहात, बोस्टनजवळ राहणाऱ्या एका अनोळखी माणसापर्यंत पोचवायचं होतं. पोचलेली पाकिटं सरासरी पाच-सहा टप्प्यांत पोचली, हे सगळे सांगतात. पण २९६ जणांपासून सुरुवात होऊन पोचली फक्त ६४, हे कोणी सांगत नाही. बाकीच्या साखळ्या मध्येच कुठेतरी तुटल्या, कारण कोणीतरी पाकीट पुढे पाठवलंच नाही.

म्हणून फायनल इयरच्या दादा-ताईंना एक विनंती. जाण्याआधी डिपार्टमेंटच्या लायब्ररीत एक वही ठेवून जा. कुठे इंटर्नशिप केली, काम काय होतं, इंटरव्ह्यूला काय विचारलं, आणि ज्युनिअर्सनी कोणत्या मेलवर संपर्क करायचा, एवढंच लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल. आणि आपल्यापैकी ज्यांना बोलायची भीती वाटत नाही त्यांनी पुढचे पाहुणे येतील तेव्हा एवढंच करावं : ‘सर, हे मॉडेल हिने बनवलंय’ असं म्हणून दोन पावलं मागे सरकावं. पुढचं ती बघून घेईल.

सर्वांना येणाऱ्या प्लेसमेंट सीझनसाठी ऑल द बेस्ट!