चकाचक केली म्हणजे 'ओरिजिनल' झाली का? अमेरिकन मसल कारकडून शिकायचा धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत १९७० सालच्या शेव्हरले शेव्हेल गाडीचं उदाहरण घेतलं होतं. वेळ कमी पडला आणि अर्धंच सांगता आलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पण आधी माझी एक चूक सांगतो. या विषयाकडे मी तिच्यामुळेच वळलो.

माझं दुकान दुचाकीच्या स्पेअर पार्ट्सचं, मागे छोटं गॅरेज. आठ वर्षांपूर्वी एक काका त्यांच्या वडिलांची जुनी स्कूटर घेऊन आले. "होती तशी करून द्या," एवढंच म्हणाले. मी जीव ओतून काम केलं. नवा मेटॅलिक रंग, नवा स्पीडोमीटर, नवी सीट, डिकीला नवं झाकण. जुनं सगळं भंगारवाल्याला दिलं. काका आले, स्कूटरभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "डिकीचं जुनं झाकण कुठाय? आतून बाबांनी खिळ्याने तारीख कोरली होती, गाडी घेतली त्या दिवशीची." माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे त्यांनी पूर्ण दिले. पुन्हा दुकानात मात्र कधी आले नाहीत.

"होती तशी" म्हणजे नक्की कशी, हे मी विचारलंच नव्हतं. बीबीएला 'ग्राहकाची गरज ओळखा' या प्रश्नावर चांगले मार्क मिळवले होते, बरं का! नंतर वाचता वाचता कळलं की अमेरिकेत जुन्या गाड्यांचा अख्खा धंदा याच दोन शब्दांवर उभा आहे. तिथे "होती तशी" याचा अर्थ कागदावर, आकड्यात आणि बोल्टच्या डोक्यावरच्या खुणेत ठरतो. तो कसा, ते बघू.

मसल कार म्हणजे काय?

मध्यम आकाराची, साधारण मध्यमवर्गाला परवडणारी गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं दणदणीत इंजिन. बहुतेक लोक या प्रकाराची सुरुवात १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून धरतात. १९७० हे या गाड्यांचं शिखर. त्या वर्षी शेव्हेल एसएस गाडीत ४५४ क्युबिक इंचाचं, म्हणजे ७.४ लिटरचं इंजिन मिळायचं. त्यातल्या एलएस-६ नावाच्या प्रकाराची कंपनीने सांगितलेली ताकद होती ४५० हॉर्सपॉवर! नंतर विम्याचे वाढलेले हप्ते, धुराचे कडक नियम आणि १९७३ चं तेलसंकट, या तिन्हींनी मिळून हा काळ संपवला.

ज्यांनी तरुणपणी ही गाडी शेजाऱ्याच्या दारात बघितली, त्यांच्या हातात पुढे पैसा आला. त्यांना तीच गाडी हवी झाली, कारखान्यातून निघाली होती तशी. मागणी इथून आली.

पाना हातात घेण्याआधी कागद

नवशिका माणूस गाडी आणली की लगेच खोलायला घेतो. जाणकार आधी विचारतो, ही गाडी मुळात आहे तरी कोणती?

१९७० च्या शेव्हेलचा नंबर विंडशील्डखाली, ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डवर असतो. समजा तो १३६३७०बी असा सुरू होतो. १ म्हणजे शेव्हरले, ३६ म्हणजे आठ सिलिंडरची मालिबू, ३७ म्हणजे दोन दरवाजांची कूपे, ० म्हणजे १९७० आणि बी म्हणजे बाल्टिमोरचा कारखाना. आता यात 'एसएस' कुठे दिसतं? कुठेच नाही! त्या वर्षी एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतं, जादा पैसे देऊन घ्यायचं पॅकेज होतं. म्हणजे साध्या मालिबूचा आणि खऱ्या एसएसचा नंबर सारखाच सुरू होतो. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

मग पुरावा शोधायचा कुठे?

१. बिल्ड शीट. कारखान्याच्या लाइनवर गाडीबरोबर फिरणारा कागद, कोणते भाग बसवायचे ते सांगणारा. काम झालं की तो बऱ्याचदा गाडीतच राहून जायचा. पेट्रोलच्या टाकीवर, सीटच्या स्प्रिंगमध्ये तो आजही सापडतो. म्हणून टाकी उतरवताना घाई करायची नाही.

२. प्रोटेक्ट-ओ-प्लेट. वॉरंटीच्या पुस्तिकेत चिकटवलेली छोटी धातूची पट्टी. तिच्यावर इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा कोड उमटवलेला असतो.

३. इंजिनवरचे ठसे. इंजिनच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या पुढे एक सपाट जागा असते. तिथे इंजिनचा कोड आणि गाडीच्या नंबरचा काही भाग ठोकलेला असतो. हा भाग गाडीच्या नंबरशी जुळला, तर ते इंजिन त्याच गाडीचं. याला ते लोक 'नंबर्स मॅचिंग' म्हणतात.

४. ओतकामाची तारीख. इंजिनचा ब्लॉक ज्या दिवशी ओतला ती तारीख त्याच्यावरच असते. 'सी ५ ०' म्हणजे १९७० चा मार्च, ५ तारीख. गाडी फेब्रुवारीत तयार झाली आणि ब्लॉक मार्चमधला असेल, तर काहीतरी गडबड आहे. बाळाचा जन्म आईच्या आधी होत नाही!

बाकी ब्रँडवाल्यांची सोय जरा बरी आहे. पाँटियाकच्या कारखान्यातल्या नोंदींची प्रत पैसे भरून मिळते. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट मिळतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्या काळातल्या शेव्हेलसाठी अशी सोय नाही. म्हणून तिथे एका जुनाट, तेलकट कागदाला सोन्याचा भाव येतो.

करायचं की नाही, हाही एक निर्णय आहे

काही गाड्या पन्नास वर्षांनंतरही मूळ रंगात, मूळ सीटवर टिकलेल्या असतात. त्यांना 'सर्व्हायव्हर' म्हणतात. अशा गाडीचा रंग थोडा उडालेला असला तरी तिला हात लावू नये, असं जाणकार सांगतात. गाडी रिस्टोर कितीही वेळा करता येते, पण ओरिजिनल ती एकदाच असते.

विचार करा, समोर काम आहे, पैसे मिळणार आहेत आणि तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणता, "साहेब, हे करू नका." असं म्हणायला धाडस लागतं. पण त्या गिऱ्हाइकाचं पुढचं काम कुणाकडे जाईल, सांगा बघू?

खोलताना: फोटो, पिशवी, चिठ्ठी

आता समजा, गाडी गंजलेली आहे आणि काम करायचंच आहे. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो. प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी: कुठला, कोणत्या बाजूचा. बोल्टच्या डोक्यावर बनवणाऱ्याची खूण असते आणि कडक परीक्षणात तीसुद्धा बघतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी पूर्ण होऊन मालकाच्या ताब्यात जाईपर्यंत काहीही फेकायचं नाही. तुटलेला भागसुद्धा नाही. नवा भाग बरोबर आहे का, हे त्या तुटलेल्या भागाशी ताडूनच कळतं. माझ्या दुकानात हा नियम असता, तर ते झाकण वाचलं असतं.

पत्रा, रंग आणि कारखान्याच्या 'चुका'

गंज खालून आणि कोपऱ्यातून खातो. फ्लोअर, डिकीचा तळ, मागच्या चाकांवरचा पत्रा. चांगल्या गॅरेजमध्ये बॉडी चेसिसवरून उतरवतात आणि फिरत्या चौकटीवर बसवतात, म्हणजे ती आडवी-उलटी करून खालचं वेल्डिंग नीट होतं. गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा. वरून पुट्टी थापली तर गंज दोन पावसाळ्यांत परत डोकं वर काढतो, हे आपल्याकडच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला सांगायला नको.

आता गंमत ऐका. १९७० मध्ये ही गाडी ॲक्रिलिक लॅकरने रंगवलेली होती. आजचा दोन थरांचा क्लिअर कोट त्यापेक्षा जास्त चमकतो. शिवाय कारखान्यात लाइन पळत असायची. दरवाजांच्या फटी एकसारख्या नसायच्या. बॉडीच्या खाली रंगाचे फवारे कसेही उडालेले असायचे. तपासणाऱ्याने ॲक्सलवर, स्प्रिंगवर खडूने नाहीतर रंगाने खुणा केलेल्या असायच्या. खरा रिस्टोरर हे सगळं परत तसंच करतो! उडालेला रंग उडालेलाच, खूण तिथल्या तिथे. कारखान्यापेक्षा सुंदर केलेल्या गाडीला ते 'ओव्हर-रिस्टोर्ड' म्हणतात आणि कडक परीक्षणात तिचे गुण कापले जातात. शिकागोजवळच्या रोझमाँटमध्ये दर नोव्हेंबरला मसल कारचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथले परीक्षक असल्या बारकाव्यांसाठीच ओळखले जातात.

मी स्कूटरला मेटॅलिक रंग मारला, ते हेच होतं. काकांनी मागितलं नव्हतं ते मी दिलं आणि मागितलं होतं ते फेकून दिलं.

भाग तीन प्रकारचे

एक, त्याच काळात बनलेला पण कधी न वापरलेला, कंपनीच्या खोक्यातला भाग. याला एनओएस म्हणतात. सगळ्यात महाग, सगळ्यात दुर्मीळ. दोन, दुसऱ्या गाडीतून काढलेला जुना मूळ भाग. तीन, आज नव्याने बनवलेली हुबेहूब प्रत. शेव्हेलसारख्या लोकप्रिय गाडीचे पत्र्यापासून सीट कव्हरपर्यंत बरेच भाग नवे मिळतात. जुन्या पद्धतीचे टायरसुद्धा नव्याने बनतात.

इथे नव्या उद्योजकाने थांबून बघावं. गाडी दुरुस्त करणारा हा एकच धंदा नाही. कुणी फक्त कार्बोरेटर दुरुस्त करतो, कुणी फक्त डॅशबोर्डचे काटे, कुणी फक्त स्टिकर छापतो. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात दर ऑक्टोबरला जुन्या भागांचा प्रचंड बाजार भरतो. तिथे लोक एका नॉबसाठी दिवसभर पायपीट करतात. छोटी गरज, पण पक्की. तुमच्या गावात अशी कोणती गरज आहे?

पैसे: इथेच लोक बुडतात

यात भागांपेक्षा मजुरीचे तास जास्त खातात. हिशोब कळावा म्हणून आकडे मी धरलेले आहेत. समजा तुम्हाला वाटलं, ८०० तास लागतील. तासाला ९० डॉलर दर. तुम्ही ७२,००० डॉलरला काम अंगावर घेतलं. रंग खरवडल्यावर खाली गंज निघाला आणि तास झाले १,२००. मजुरी झाली १,०८,००० डॉलर. वरचे ३६,००० कोणाच्या खिशातून? तुमच्या!

म्हणून तिथली अनेक गॅरेजं उक्तं काम घेत नाहीत. झालेले तास आणि लागलेला माल, याचं बिल दर महिन्याला, फोटोंसह. पैसे थांबले तर काम थांबतं. मालकालाही कळत राहतं की पैसा कुठे जातोय. मध्येच तो म्हणू शकतो, "बास, एवढंच करा." आतून काय निघेल हे माहीत नसलेलं कोणतंही काम उक्तं घेऊ नका, मग ते जुनं घर असो नाहीतर जुनी विहीर.

आणि मोह

साध्या मालिबूवर एसएसचे बिल्ले लावणं सोपं आहे. इंजिनवरचे जुने ठसे घासून नवे ठोकणारेही आहेत. पण बिल्ले लावलेली गाडी 'ट्रिब्यूट' म्हणून उघड सांगून विकली, तर तो प्रामाणिक धंदा. तीच गाडी 'खरी एसएस' म्हणून विकली, तर फसवणूक. गाडी तीच, फरक फक्त तुम्ही काय सांगितलं याचा. आणि हे जग छोटं असतं. एकदा पकडलेल्या माणसाच्या पुढच्या खऱ्या गाडीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

तुमच्या दुकानात उद्यापासून

वही काढा, चार ओळी लिहा.

गिऱ्हाईक "होती तशी" किंवा "चांगली करून द्या" म्हणालं, तर "म्हणजे कशी?" हे विचारून लिहून घ्या.
काम सुरू करण्याआधी फोटो काढा.
काढलेला भाग मालकाला विचारल्याशिवाय टाकू नका.
'ओरिजिनल' हा शब्द वापरलात, तर पुरावा हातात ठेवा.

माझ्या गॅरेजमध्ये आता एक लाकडी खोकं आहे. त्यावर लिहिलंय, 'गिऱ्हाइकाचं जुनं सामान'. स्कूटर घ्यायला आलेल्या माणसाला ते आधी दाखवतो आणि मग गाडी. बरेच जण म्हणतात, "टाका हो ते." पण अधूनमधून कुणीतरी खाली वाकतं, एखादा गंजका तुकडा उचलतं आणि रुमालात गुंडाळून घेऊन जातं. ते गिऱ्हाईक परत येतं, मित्रांनो. काका मात्र अजून आलेले नाहीत.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर धंदा जपा, शब्द जपा!