चीनच्या पहिल्या सम्राटाची समाधी अद्याप बंद का?

चीनमधील शीआन शहराच्या पूर्वेस, लिशान पर्वताच्या पायथ्याशी मातीचे एक भव्य टेकाड आहे. देशाचे एकीकरण करणारा पहिला सम्राट चिन शी हुआंग याचे इ.स.पू. २१० मध्ये निधन झाले, त्याची समाधी या टेकाडाखाली आहे. तिचे स्थान सर्वांना ठाऊक आहे, तरीही पुरातत्त्वज्ञांनी मुख्य दफनकक्ष आजवर उघडलेला नाही.

मार्च १९७४ मध्ये टेकाडाच्या पूर्वेस सुमारे दीड किलोमीटरवर विहीर खणताना शेतकऱ्यांना भाजलेल्या मातीच्या मूर्तींचे तुकडे सापडले. पुढील उत्खननात सैनिकांच्या मूर्तींनी भरलेले तीन खंदक उजेडात आले. त्यांत मिळून सुमारे ८ हजार मूर्ती असाव्यात, असा अंदाज आहे. युनेस्कोने १९८७ मध्ये या स्थळाचा समावेश जागतिक वारसा यादीत केला.

ग्रंथातील वर्णन आणि मातीतील पुरावा

समाधीच्या अंतर्भागाचे वर्णन इतिहासकार सिमा चिएन याने सम्राटाच्या मृत्यूनंतर सुमारे शतकभराने लिहून ठेवले. छतावर आकाशातील नक्षत्रे, जमिनीवर पाऱ्याच्या वाहत्या नद्या आणि चोरांवर आपोआप बाण सोडणारी धनुष्ये तेथे होती, असे तो सांगतो. हे वर्णन बराच काळ अतिशयोक्त मानले गेले. मात्र १९८० च्या दशकाच्या प्रारंभी झालेल्या चाचण्यांत टेकाडाच्या मातीत पाऱ्याचे प्रमाण आसपासच्या जमिनीपेक्षा बरेच अधिक आढळले. टेकाडावरील हवेतही पाऱ्याचा अंश अधिक असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले.

गमावलेले रंग

समाधी न उघडण्यामागे पारा हे एक कारण असले, तरी मुख्य चिंता आतील वस्तूंच्या जतनाची आहे. आज करड्या दिसणाऱ्या सैनिकांच्या मूर्ती मुळात रंगीत होत्या. मूर्तीवर आधी एका वृक्षाच्या चिकापासून बनविलेल्या रोगणाचा थर दिला जाई आणि त्यावर रंग चढविला जाई. दोन हजार वर्षे ओलसर मातीत राहिलेला हा थर कोरड्या हवेत येताच काही मिनिटांत आक्रसतो आणि रंगासह पापुद्र्यांच्या रूपाने गळून पडतो. आरंभीच्या उत्खननात बहुतेक रंग असेच नष्ट झाले. पुढे जर्मन तज्ज्ञांच्या सहकार्याने थरातील ओलावा टिकविणारी रासायनिक प्रक्रिया विकसित करण्यात आली.

डिंगलिंगचा धडा

याहून कटू अनुभव बीजिंगजवळील डिंगलिंग येथे आला. मिंग घराण्यातील वान्ली सम्राटाची ही समाधी १९५६ ते १९५८ या काळात उत्खनन करून उघडण्यात आली. आतील रेशमी वस्त्रे बाहेरच्या हवेत विटली आणि ठिसूळ झाली. ती वाचविण्याचे तंत्र त्या वेळी उपलब्ध नव्हते. सांस्कृतिक क्रांतीच्या प्रारंभी, १९६६ मध्ये, रेड गार्ड्सनी सम्राट आणि त्याच्या दोन सम्राज्ञी यांचे अवशेष जाळून टाकले. यानंतर सम्राटांच्या समाध्यांचे उत्खनन स्वतःहून हाती घ्यायचे नाही, असे धोरण चीनमध्ये रूढ झाले.

त्यामुळे चिन शी हुआंगच्या समाधीचा अभ्यास प्रामुख्याने बाहेरूनच होतो. जमिनीला धक्का न लावता केलेल्या भूभौतिकीय सर्वेक्षणांतून टेकाडाखालील रचनेची माहिती मिळाली आहे. सभोवतालच्या खंदकांचे उत्खननही टप्प्याटप्प्याने केले जाते.

उत्खनन ही एकदाच करता येणारी क्रिया आहे. माती एकदा हलविली की वस्तूंची मूळ मांडणी आणि बंदिस्त हवा पुन्हा निर्माण करता येत नाही. आत रेशीम, लाकूड वा लिखित पट्ट्या असतील, तर त्या टिकविण्याची खात्री असल्याखेरीज दार उघडणे म्हणजे त्या गमावण्याचा धोका पत्करणे होय. म्हणूनच या समाधीबाबत कुतूहलापेक्षा जतनाला प्राधान्य दिले गेले आहे.