मावळांतून मालवणास : समुद्रांत बुडी घेण्यापूर्वी



शिरगांवासारख्या पवनाकांठच्या गांवीं ज्यानें लहानपणीं डोहांत पोहण्याचा सराव केला, त्यास समुद्रांत बुडी घेणें ही कांहीं निराळी विद्या आहे असें सहसा वाटत नाहीं. परंतु डोहांत आपण श्वास कोंडून खालीं जातों. पाठीवर हवेचें सिलिंडर बांधून जाणाऱ्यास मात्र श्वास कोंडण्याची सक्त मनाई असते. समुद्रांत दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून १० मीटरांवर छातीभर घेतलेली हवा वर येतांना दुप्पट होते, व ती बाहेर न सोडल्यास फुप्फुस फाटण्याचा धोका असतो. ही गोष्ट न सांगतां जो शिक्षक घाईनें आपल्या तोंडावर मास्क चढवूं लागेल, त्याच्या दुकानांतून काढता पाय घ्यावा. मग त्याचा दर कितीही कमी असो.

आपल्याकडील बहुतेक मंडळी या हौसेसाठीं मालवण-तारकर्लीस जातात. ज्या कुरटे बेटावर १६६४ सालीं शिवाजी महाराजांनीं सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे. तेथें नौकेनें नेतात. किनाऱ्यावरून चालत शिरणें तेथें सोयीचें नाहीं, कारण लाटांनीं वाळू उसळते व खाडीच्या मुखाशीं पाणी गढूळ असतें. किनाऱ्यावरूनच बुडी घ्यावयाची तर अंदमानांतील स्वराजद्वीप बेटावर निमो रीफ नांवाचें ठिकाण आहे. असें ठिकाण निवडतांना कोठून उतरावयाचें यापेक्षां कोठून बाहेर पडावयाचें हें आधीं पाहावें. भरतीस सुगम वाटणारी वाट ओहोटीस उघड्या प्रवाळाची होते. पाय कापतात व प्रवाळही मरतें. अंदमानांत आणखी एक प्रश्न न लाजतां विचारावा : येथें मगर दिसली आहे काय ? २०१० सालीं राधानगर किनाऱ्याजवळ एका परदेशी स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यांत मृत्यू झाला होता.

दुकानाची पारख पाटीवरील चित्रांवरून होत नाहीं. दमा, हृदयविकार, फेफरें, कानाची शस्त्रक्रिया, नुकतीच झालेली सर्दी यांविषयीं जो आधीं विचारतो, तो दुकानदार गिऱ्हाईक गमावण्यास तयार आहे, आणि हीच त्याची लायकी. सिलिंडरांतील हवा हुंगून पाहावी. तेलाचा वा धुराचा वास आल्यास ती घेऊं नये. मात्र कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून हवा भरणाऱ्या यंत्राचें तोंड इंजिनाच्या धुरापासून दूर आहे कीं नाहीं हेंही पाहावें. नवशिक्यामागें एक शिक्षक असावा. नौकेवर प्राणवायूचें सिलिंडर असावें. आणि नौका ? तिच्याकडे कोणीच पाहात नाहीं. २४ मे २०२२ रोजीं स्कूबा करून परतणारी नौका तारकर्लीजवळ उलटून दोन पर्यटक दगावले. पाण्याखालून सुखरूप वर आलेल्यासही किनारा गांठावयाचा असतो. तेव्हां नौकेंत किती माणसें भरलीं आहेत तें मोजावें, लाइफ जॅकेट अंगांत घालूनच बसावें, आणि मेच्या अखेरीस समुद्र खवळूं लागला म्हणजे बेत सरळ रद्द करावा.

मावळकरांस एक गोष्ट विशेषेंकरून सांगावयाची आहे, कारण किनाऱ्यावरचे दुकानदार ती क्वचितच सांगतात. खोल पाण्यांत रक्तांत मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. तो पडण्यापूर्वीं माणूस उंचीवर गेला, तर सोड्याची बाटली उघडल्याप्रमाणें त्याचे बुडबुडे होऊं शकतात. सांधे दुखतात, क्वचित् अवयव लुळे पडतात. विमानप्रवासापूर्वीं एका बुडीनंतर १२ तास व अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावें असा प्रघात आहे. पहिल्यानेंच उथळ पाण्यांत थोडा वेळ उतरणाऱ्यास भय अल्प. पण शिकून दिवसभर खोल बुड्या घेणाऱ्यानें आंबोलीचा घाटही विमानच समजावा. तो सुमारें ६९० मीटर उंच आहे, आणि आपलें लोणावळें सुमारें ६२० मीटर. त्यानें संध्याकाळीं गाडी पकडण्याची घाई न करतां ती रात्र मालवणांतच काढावी व घाट दुसऱ्या दिवशीं दुपारीं चढावा.