पित्ताश्मरी : औषध कोठवर, शस्त्र केव्हा?

सोनोग्राफीचा अहवाल पुढे ठेवून ‘वैद्यराज, खडा विरघळवा’ म्हणणारे रुग्ण आपणां सर्वांकडे येतात. परंतु पित्ताशयातील खडा मूत्रमार्गातील खड्याप्रमाणे सहज वाहून जाणारा नव्हे. तो पित्तनलिकेत अडकल्यास कामला किंवा स्वादुपिंडाचा तीव्र शोथ उद्भवू शकतो. म्हणून मूत्राश्मरीचीच औषधे येथे योजणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

लक्षणरहित खड्यास बहुधा शस्त्रकर्म लागत नाही. शूल वारंवार उठत असल्यास मात्र शल्यतज्ज्ञांचे मत घ्यावे. काही तासांत न शमणारा शूल, थंडीज्वर अथवा नेत्रपीतता दिसल्यास रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे. तेथे विलंब हेच मोठे अपथ्य.

पित्ताशय काढण्याचे पहिले शस्त्रकर्म कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिन येथे केले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये ते दुर्बिणीद्वारे केले. आज रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी परततो आणि तेथून आपले कार्य सुरू होते. पित्त यकृतातच निर्माण होते. पित्ताशय केवळ त्याचा साठा करते. तो साठा नसल्याने आरंभी लघु, अल्पस्निग्ध आहार थोडाथोडा द्यावा आणि अग्निबल पाहून स्नेह क्रमाने वाढवावा.

औषधविक्रेत्यांनीही ध्यानी घ्यावे की, १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत पित्ताश्मरीचा समावेश आहे. ‘खडे हमखास विरघळतील’ असा फलक कायद्याने वर्ज्य आहे आणि रुग्णासही घातक आहे. योग्य वेळी शल्यतज्ज्ञांकडे पाठविलेला रुग्ण पथ्य विचारण्यास विश्वासाने आपल्याकडेच परततो.