डावा पाय

पहाटे ४.५०
गजर व्हायच्या आधीच तो जागा असतो. जुन्या पनवेलमधल्या दोन खोल्या. आतल्या खोलीत आई झोपलेली. अंथरुणावरच डाव्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो मांडी आवळतो. दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं तीस वेळा. पावसाळ्यात गुडघा जास्त आखडतो. मग भिंतीला धरून उकिडवं बसायचं. उजवी पोटरी मांडीला टेकते. डावीला अजून दोन बोटं कमी पडतात.

मग आईची शिवणाची टेप. गुडघ्याच्या वाटीपासून वीतभर वर पेनाने खूण केलेली आहे. उजवी मांडी ५१ सेंटिमीटर, डावी ४९. वहीत नोंद होते. फेब्रुवारीत हा फरक साडेचारचा होता. गेले तीन आठवडे तो दोनवरच अडून बसलाय.

सकाळी ५.४०
वडाळे तलाव. फिरायला आलेली माणसं, ओली फरशी. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. सरळ रेषेत तो छान पळतो. मागून बघणाऱ्याला काही कळणारही नाही. पण वाट वळली की पावलं छोटी होतात. मी तसं म्हटलं तर म्हणाला, "मी नाही करत काका, पाय करतो."

तो सव्वीस वर्षांचा आहे. एका कार्यालयाच्या संघातून करारावर हॉकी खेळतो, मधल्या फळीत. मागच्या ऑक्टोबरमध्ये सामन्यात चेंडू घेऊन वळताना डावा पाय टर्फमध्ये रुतल्यासारखा झाला आणि अंग पुढे निघून गेलं. कुणाचा धक्का नाही, काही नाही. 'टक्' असा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. लिगामेंट तुटलं. नोव्हेंबरमध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मांडीमागच्या स्नायूची कंडरा काढून गुडघ्यात नवी दोरी बसवली. आज आठ महिने झाले.

सकाळी ८.१५
सहा अंडी, दोनच पिवळ्या बलकांसकट. नाचणीची भाकरी, मुगाची उसळ. अंडं सात रुपयांना. आई हिशोब तोंडाने करत नाही, पण टोपली उघडताना अंडी मोजते. ऑपरेशनला दोन लाख चाळीस हजार लागले. करारावरच्या खेळाडूला मेडिक्लेम नाही. आईची भिशी गेली, दोन बांगड्या गेल्या. महिन्याचे अठरा हजार मिळायचे, ते जानेवारीपासून निम्मे झाले. करार सप्टेंबरअखेर संपतो. त्याआधी ट्रायल.

सकाळी ९.३०
दारात बसून तो मुलांच्या स्टिकना ग्रिप बसवतो. जुनी ग्रिप सोलून काढायची, चिकटलेला गोंद खरवडायचा. मग वरच्या टोकापासून नवी गुंडाळत खाली यायचं. प्रत्येक वेढा आधीच्यावर जरासा चढलेला आणि ओढ शेवटपर्यंत सारखी. खाली चिकटपट्टीचे तीन फेरे. मजुरी सत्तर रुपये. आज चार स्टिक आहेत. त्याचे हात बघत राहावे असे आहेत. एकदाही नजर न हलवता तो ओढ ओळखतो. त्याची स्वतःची साडेछत्तीस इंची स्टिक मात्र कपाटावर आहे. संध्याकाळी जायचं असेल तेव्हाच ती खाली येते.

सकाळी ११.००
नवीन पनवेल, फिजिओचं क्लिनिक. एका वेळचे पाचशे रुपये. आधी आठवड्यातून चारदा यायचा, आता दोनदा. बाकीचं घरी करतो.

आज उडीची चाचणी आहे. जमिनीवर टेप चिकटवलेली. एका पायावर उभं राहायचं, त्याच पायावर पुढे उडी घ्यायची, त्याच पायावर उतरून दोन सेकंद स्थिर राहायचं. हात कमरेवर. तीन प्रयत्न.

उजवा पाय : १८८ सेंटिमीटर. तिन्ही वेळा जवळपास तेवढंच.

डावा. पहिल्या वेळी तो बराच वेळ उभाच राहतो. फिजिओबाई काही बोलत नाहीत. उडी १४६. उतरताना गुडघा आत झुकतो. ही मोजायची नाही. दुसरी १५५. तिसऱ्याआधी तो तळहात पँटला पुसतो, जणू हातानेच उडी मारायची आहे. १५८. पाय थरथरतो, पण टिकतो.

"चौऱ्याऐंशी टक्के," बाई म्हणतात. मैदानात उतरायला किमान नव्वद हवेत.

"मॅडम, महिनाभरात होतील?"

"होतीलही. पण नऊ महिन्यांच्या आत उतरलास तर दोरी पुन्हा तुटायचा धोका फार आहे. आणि नव्वद झाले तरी मी फक्त ताकद मोजते, हे लक्षात ठेव."

तो पाचशेची नोट काढतो. ग्रिपच्या पैशांतली असावी, तिला गोंद लागलाय.

दुपारी ३.१०
पनवेल-सीएसएमटी लोकल. खिडकीची जागा, डावा पाय लांब करता येईल अशी. स्टिकची पिशवी मांडीवर. सव्वा तासाहून जास्त प्रवास. मानखुर्द येईपर्यंत तो गप्प असतो. मग मीच जुगराज सिंगचा विषय काढतो. सप्टेंबर २००३ मध्ये त्याच्या गाडीला अपघात झाला. ऐन विशीतला, पेनल्टी कॉर्नरवरचा भारताचा मोठा आधार. अथेन्सचं ऑलिम्पिक हुकलं. भारतीय संघातली जागा त्याला परत मिळाली नाही. पुढे तो इतरांना ड्रॅग फ्लिक शिकवू लागला.

"आणि संदीप सिंग," तो म्हणतो. हे त्याला पाठ आहे. २००४ च्या सुरुवातीला संदीप संघात आला. ऑगस्ट २००६ मध्ये शताब्दी एक्सप्रेसमध्ये चुकून सुटलेली गोळी त्याला लागली. कमरेखालचं अंग लुळं पडलं. तरी परतला, २००९ मध्ये कर्णधार झाला. लंडन ऑलिम्पिकच्या पात्रता स्पर्धेत सोळा गोल केले, त्यातले पाच फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात.

"सगळे मला संदीपचीच गोष्ट सांगतात," तो म्हणतो. "जुगराजची तुम्ही पहिल्यांदा काढलीत."

मी चुकलो की काय, असं वाटून गेलं. पण तो रागावला नव्हता. उरलेल्या वाटेत बराच मोकळा बोलला.

संध्याकाळी ५.२०
चर्चगेटचं महिंद्रा हॉकी स्टेडियम. टर्फ पावसाने भिजलेलं. त्याला फक्त सरळ पासची परवानगी आहे. चेंडू एकशे साठ ग्रॅमच्या आसपासचा, पण स्टिकवर आला की त्याचे खांदे सैल होतात. दिवसभरात पहिल्यांदाच.

समोरून पास देणारा मुलगा एकोणीस वर्षांचा. ऑक्टोबरपासून याच्या जागेवर तोच खेळतो. "दादा, त्यांनी उजवीकडून बाहेर काढला तर मी कुठं थांबू?" हा स्टिकच्या टोकाने टर्फवर जागा दाखवतो. दोन पावलं मागे, कमरेत वाक, डोकं वर. मुलगा करून बघतो. चुकतं. पुन्हा दाखवतो. वीस मिनिटं हेच चाललेलं. शिकवताना याने हातचं काही राखलं नाही. मी नीट बघत होतो.

शेवटच्या काही पासांत एक चेंडू डाव्या बाजूने निसटतो. पाय रोवून वळलं असतं तर सहज मिळाला असता. तो स्टिक खाली नेतो आणि थांबतो. चेंडू जाळीला लागतो. तो चालत जाऊन घेऊन येतो.

रात्री ९.४०
पनवेल स्टेशनचा जिना, ओला आणि गर्दीचा. उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा, हे सुरुवातीचं पथ्य त्याने काही महिन्यांपूर्वीच सोडलंय. आज पुन्हा डावा आधी टाकला. रिक्षाचे तीस रुपये वाचवायला आम्ही चालत निघालो. वाटेत तोच म्हणाला, "नको, करूया रिक्षा."

रात्री १०.१५
फडक्यात बर्फ, पंधरा मिनिटं. आई शिलाई मशीनवर आहे. अस्तराचा ब्लाउज, अडीचशे रुपये, उद्या सकाळी द्यायचाय.

"सुजलाय का रे?"

तो टेप गुडघ्याभोवती फिरवतो. सकाळी साडेसदतीस होता. आता अडतीस.

"थोडा."

वहीत आकडा लिहितो. खाली आज उडीचाही : १५८.

"लिहून झालं ना?" आई हात पुढे करते. "टेप दे इकडे. बाही कापायचीय."