कहरुबातली गांधीलमाशी

आमच्या दादींच्या तसबीहीचे मणी कहरुबाचे होते. लहानपणी त्या नसताना हळूच एखादा मणी लोकरी शालीवर घासायचा आणि त्याने कागदाचे कपटे उचलायचे, हा आम्हा भावंडांचा आवडता खेळ. पुढे उर्दू आणि मराठी शिकवू लागलो तेव्हा या खेळाचा उलगडा शब्दांतच सापडला. फारसीत ‘काह’ म्हणजे गवताची काडी आणि ‘रुबा’ म्हणजे ओढून नेणारा. मराठीत याच वस्तूला ‘तृणमणी’ म्हणतात. दोन्ही भाषांनी एकच गुण पाहून नाव ठेवले.

कहरुबा हा मुळात दगड नव्हे. ती झाडाची राळ. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. झाडाला जखम झाली की राळ पाझरते, तिच्यावर बसलेला किडा चिकटतो, वरून आणखी राळ ओघळते. मग ती मातीखाली गाडली जाते आणि लाखो वर्षांत घट्ट होत जाते. आत किड्याची मिशी, पंखावरची शीर, पायावरचा केस, सारे जसेच्या तसे राहते.

म्यानमारच्या उत्तरेला काचिन प्रांतात हुकाँग नावाचे खोरे आहे. तिथला कहरुबा सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोरांच्या काळातला. त्यात नामशेष झालेल्या गांधीलमाश्यांच्या कितीतरी जाती सापडल्या आहेत.

त्यांतल्या एकीने शास्त्रज्ञांना चांगलेच कोड्यात टाकले. तिला पंख नव्हते. मागचे पाय नाकतोड्यासारखे, मिश्या मुंगीसारख्या, पोट झुरळासारखे जाड. गांधीलमाशीची ती प्रसिद्ध बारीक कंबरही नाही! मग हिला बसवायचे कुठे? अमेरिकेतील जॉर्ज पॉइनर आणि रशियातील अलेक्झांडर रास्नित्सिन यांनी चेहऱ्याची ठेवण आणि लांब नांगी पाहून तिला गांधीलमाश्यांच्याच गोतावळ्यात जागा दिली, पण तिच्यासाठी स्वतंत्र कुळ काढावे लागले. नाव ठेवले ‘अॅप्टेनोपेरिसस बर्मॅनिकस’.

दुसरी माशी २०२५ मध्ये जगापुढे आली, ‘सायरेनोबेथायलस कॅरिब्डिस’. बीजिंगच्या आणि डेन्मार्कच्या अभ्यासकांनी तिचे वर्णन केले. तिच्या पोटाच्या टोकाला तीन झडपा होत्या आणि खालच्या झडपेवर ताठ केसांची रांग होती. कीटक पकडणाऱ्या ‘व्हीनस फ्लायट्रॅप’ या वनस्पतीच्या पानाची आठवण यावी, अशी ही रचना. क्ष-किरणांनी कहरुबाच्या आतले चित्र काढून त्यांनी ती तपासली. अनेक नमुन्यांत झडप वेगवेगळ्या स्थितीत थिजलेली दिसली. म्हणजे ती हलत होती.

इथे ‘वर्णन’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. निबंध लिहिताना आम्ही मुलांना सांगतो, जे पाहिले ते आधी लिहा, जे वाटले ते नंतर. शास्त्रज्ञांचाही हाच कायदा. मिशीचे सांधे किती, पंखाच्या शिरा कशा, नांगी केवढी हे मोजून लिहायचे. ज्या नमुन्यावरून नाव दिले, तो जपून ठेवायचा, म्हणजे उद्या कोणी शंका घेतली तर पुन्हा पाहता येईल. झडप होती, हे पाहिलेले. माशी झडपेत दुसरा जिवंत कीटक धरून त्यावर अंडे घालत असावी, हा तर्क. दोन्ही वेगळे मांडलेले असतात. तर्काला आधारही आहेच. आपल्या घराच्या कोपऱ्यात मातीचे घर बांधणारी कुंभारमाशी अळ्यांना डंख मारून आत कोंडते आणि त्यांच्यावर आपली पिल्ले पोसते. दुसऱ्याच्या जिवावर वंश वाढवण्याची ही रीत किती जुनी, हे कहरुबा सांगतो.

पण वर्णनाला आणखी एक बाजू आहे. वस्तू आली कोठून? हुकाँगमध्ये मजूर विहिरीसारख्या अरुंद, खोल खड्ड्यांत उतरून कहरुबा काढतात. त्या प्रदेशात काचिन बंडखोर आणि सैन्य यांचा संघर्ष जुना आहे. २०१७ मध्ये सैन्याने खाणींच्या परिसराचा ताबा घेतला आणि लोकांना घरे सोडावी लागली. म्हणून २०२० मध्ये जीवाश्म-अभ्यासकांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने शास्त्रीय नियतकालिकांना आवाहन केले, की सैन्याच्या ताब्यानंतर बाहेर आलेल्या तिथल्या कहरुबावरील लेख तूर्त छापू नयेत. काही संशोधकांना ते पटले नाही. नमुने धनिकांच्या दागिन्यांत जिरून जातील, ज्ञान कायमचे बुडेल, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंत वजन आहे. आम्हाला मात्र वाटते, माशीच्या मिशीचे सांधे मोजणाऱ्या शास्त्राने खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाचाही हिशेब ठेवायला हवा.

दूर कशाला, आपल्या शेजारी सुरत जिल्ह्यात वस्तानच्या लिग्नाइट खाणीतही ५ कोटी वर्षांपूर्वीचा कहरुबा सापडला. त्यातील कीटकांचा पहिला मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला; लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे हुकम सिंग त्यात होते. आपल्या मुलामुलींपैकी कोणी उद्या अशा मण्यात डोकावून एखाद्या माशीला नाव देईल.

दादींची ती तसबीह आज आमच्याकडे आहे. मणी उजेडात धरून पाहिले. आत एकही किडा नाही. मात्र ते कुठल्या खाणीतून, कोणाच्या हातांनी वर आले, हा प्रश्न आता तसबीह हाती घेताना दरवेळी मनात येतो.