संगणक झोपी का जात नाही?

२०१२ च्या फेब्रुवारीअखेरीस चेन्नईत रोज दोन तासांचे भारनियमन सुरू झाले. त्यापूर्वी काही महिने, १५ सप्टेंबर २०११ रोजी, तामिळनाडू शासनाने विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना आरंभिली होती. वीज गेली तरी बॅटरीवर चालणारे यंत्र अनेक घरांत आले ते अशा काळात. त्या पिढीचे, विंडोज ७ वर चालणारे संगणक काही कुटुंबांनी अद्याप जपून ठेवले आहेत.

अशा संगणकांविषयीची तक्रार बहुधा ठरावीक असते. दुरुस्तीत विंडोज नव्याने भरली गेली, की झाकण मिटूनही यंत्र जागेच राहते, 'स्लीप' हा पर्याय दिसेनासा होतो, वा बॅटरीचे प्रमाण चुकीचे दिसते. मग नव्या बॅटरीसाठी अण्णा सालैनजीकच्या रिची स्ट्रीटची वाट धरली जाते. हा खर्च पुष्कळदा व्यर्थ ठरतो.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी १९९६ मध्ये 'एसीपीआय' ही प्रमाणपद्धती निश्चित केली. तेव्हापासून संगणकाच्या कोणत्या भागास केव्हा विश्रांती द्यावी, हे मुख्यतः विंडोज ठरविते. तो आदेश त्या भागास कळेल अशा भाषेत पोहोचविणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. एखादाच दुभाषी गैरहजर असला, तरी सारे यंत्र जागरण करते. ग्राफिक्सच्या मूळ ड्रायव्हरऐवजी विंडोजचा 'स्टँडर्ड व्हीजीए' हा कामचलाऊ ड्रायव्हर असेल, तर स्लीप उपलब्धच होत नाही. उणीव पडद्याच्या ड्रायव्हरची आणि बोल मात्र बॅटरीला!

निदान सोपे आहे. 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून इंग्रजीत 'पॉवरसीएफजी' हा आदेश (पॉवर या शब्दाला सी, एफ, जी ही अक्षरे जोडून) लिहावा आणि एक जागा सोडून तिरपी रेघ व 'ए' हे अक्षर द्यावे. स्लीप कशामुळे अडली, ते विंडोज स्वतःच सांगते. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये पिवळी खूण असलेली नोंदही पाहावी. थिंकपॅड संगणकात तिच्या ओळखक्रमांकात 'एलईएन ००६८' आढळले, तर लेनोव्होचा पॉवर मॅनेजमेंट ड्रायव्हर राहून गेला आहे असे समजावे.

महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून घ्यावी. नंतर प्रथम चिपसेटचा, मग ग्राफिक्सचा व शेवटी पॉवर मॅनेजमेंटचा ड्रायव्हर भरून यंत्र पुन्हा सुरू करावे. बॅटरीचे प्रमाण तरीही चुकत असल्यास 'बॅटरीज' या शीर्षकाखालील 'कंट्रोल मेथड बॅटरी' ही नोंद काढून टाकावी; यंत्र पुन्हा सुरू होताच विंडोज ती स्वतः निर्माण करते.

ड्रायव्हर मात्र निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून, मॉडेल क्रमांक जुळवून घ्यावेत. 'सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देऊ करणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमपासून दूर राहावे. ड्रायव्हरला विंडोजच्या गाभ्यापर्यंत प्रवेश असतो. तेथे शिरलेल्या लबाड प्रोग्रॅमपासून नेट बँकिंगचा पासवर्ड लपत नाही. विंडोज ७ चे सुरक्षा-साहाय्यही १४ जानेवारी २०२० रोजी संपले आहे. त्यामुळे दुरुस्त झालेला हा संगणक लेखनास, छायाचित्रांस उत्तम. बँकेचे व्यवहार अद्ययावत यंत्रावरच करावेत. व्यवहाराच्या मध्येच यंत्र बंद पडले, तर रक्कम पुन्हा पाठविण्यापूर्वी खाते-उतारा अवश्य तपासावा.